सावेरियोचा बुधला

इलारियोच्या दुकानाचं दार उघडलं की वर टांगलेली घंटा वाजते. आत कोण आलं हे मान वर न करता ओळखायचं असेल, तर बसलेल्यांच्या हातांकडे बघावं. हात टेबलावरच राहिले तर कोणीही असू शकतं. पण सगळे हात एकदम खिशात गेले आणि किल्ल्या खुळखुळल्या, तर सावेरियो मारापोदी आला असं खुशाल समजावं. लोखंडाला हात लावला की दृष्ट बाधत नाही, असं इटलीतल्या आमच्या कालाब्रियाची माणसं मानतात. कॅनडात हॅमिल्टनला येऊन पन्नास वर्षं झाली, पोलादाच्या कारखान्यात लोखंड वितळवण्यात उभी हयात गेली, पोरं वकील-डॉक्टर झाली, पण ही खोड काही सुटली नाही.

सावेरियोला हे सगळं ठाऊक होतं. वय चौऱ्याहत्तर असलं तरी कान शाबूत होते. खुळखुळ ऐकली की तो टोपी काढायचा, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचा आणि कोणाच्याही वस्तूकडे फार वेळ बघायचा नाही. बिचारा स्वतःच्या बुटांकडे बघत बसायचा.

इलारियोचं दुकान म्हणजे आपली वाइन आपणच करायचं दुकान. द्राक्षाचा रस त्याचा, काचेचे मोठाले बुधले त्याचे, मागची उबदार खोलीही त्याची. गिऱ्हाइकानं फक्त पुडी फोडून रसावर यीस्ट भुरभुरायचं. सहा आठवड्यांनी यायचं, बाटल्या भरायच्या, यंत्राचा दांडा दाबून बुचं बसवायची आणि घरी जाऊन ‘मी केली’ म्हणून मिशीला पीळ द्यायचा. दर शनिवारी सकाळी अकराला चव घ्यायची बैठक असे. औषधाच्या टोपणाएवढे पेले, पावाचे तुकडे, मिरचीचं झणझणीत सॉसेज. इलारियो तयार झालेल्या बुधल्यांतून थोडी थोडी ओतायचा आणि वाइन कोणाची ते शेवटी सांगायचा. तोवर सगळ्यांनी मनापासून वाहवा करायची. प्रत्येक वाहवेच्या शेपटीला एक शब्द मात्र लागायचाच, ‘बेनेदीका’. म्हणजे देव भलं करो. ‘काय सुंदर रंग आला आहे, बेनेदीका.’ शेपटी विसरली तर ती वाहवा नाही, ती दृष्ट.

सावेरियो चव घ्यायचा आणि ‘हं’ म्हणायचा. वाइन अमृतासारखी असो की पाय धुवायच्या पाण्यासारखी, त्याचं आपलं ‘हं’.

हे ‘हं’ काही हौसेनं आलेलं नव्हतं. अकरा वर्षांचा असताना गावी त्यानं शेजाऱ्याच्या खेचराला ‘काय देखणं आहे’ म्हटलं आणि शेपटी विसरला. तिसऱ्या दिवशी खेचर दरीत गेलं. आईनं दोन मुस्काटात दिल्या, तिथून ‘दृष्ट लावणारा’ असं नाव पडलं. पुढे कारखान्यात त्यानं एका फोरमनच्या नव्या गाडीची तारीफ केली, तर आठवड्यात तिचा चेंदामेंदा झाला. बोलाफुलाला गाठ पडली म्हणून सोडून द्यावं, पण आमचे लोक असलं काही सोडून देतील तर शपथ. काळ्या जिभेचा माणूस वाईट बोलला की ते खरं होतं. याच्या जिभेची तऱ्हा उलटी, ही चांगलं बोललं की बुडवते, असं म्हणायला लोक मोकळे.

लोकांचं तो ऐकून घ्यायचा. पण एक गोष्ट त्याची त्यानंच धरून ठेवली होती. ग्राझिएल्ला जन्मली तेव्हा इस्पितळातल्या नर्सनं बाळाला बायकोच्या कुशीत ठेवलं आणि विचारलं, ‘कशा दिसताहेत दोघी?’ नर्स इंग्रज, म्हणून सावेरियोनं उत्तरही इंग्रजीत दिलं, ‘ब्युटिफुल.’ इंग्रजीत त्या शब्दाला शेपटी नसते. ते त्याला जिन्यावर आठवलं. तो धावत वर आला, दाराशी उभा राहून दहा वेळा बेनेदीका पुटपुटला. पण चाळीस दिवसांच्या आत बायको, व्हित्तोरिया, तापानं गेली. पोर वाचली. त्या दिवसापासून सावेरियोनं तोंडाला कुलूप लावलं. पोरीला त्यानं वाढवलं, तिच्या वेण्या घातल्या, बर्फातून शाळेत पोचवलं. तिला छान मात्र कधी म्हटलं नाही.

अडतिसाव्या वर्षी ग्राझिएल्लाचं लग्न ठरलं. जानेवारीतल्या एका रविवारी ती बापाच्या स्वयंपाकघरात मसूर निवडत बसली होती.

“पपा, मला भांडी नकोत, चादरी नकोत. आठ जूनला सगळ्यांसमोर उभं राहून माझ्याबद्दल एक चांगला शब्द बोला, बस.”

“मला भाषणं येत नाहीत.”

“भाषण कोण मागतंय? ‘माझी पोर छान दिसते.’ संपलं. अडतीस वर्षांत एकदाही ऐकलं नाही मी. ब्रेंडनचा बाप त्यांच्या कुत्र्यालासुद्धा येता-जाता सुंदर म्हणतो.”

“कुत्रा बरा आहे ना?” सावेरियोनं काळजीनं विचारलं.

“पपा!” तिनं मसुराचं ताट बाजूला सरकवलं. “लोक म्हणतात ते खोटं आहे. आई तापानं गेली. मी दातांच्या दवाखान्यात काम करते, मला चार गोष्टी कळतात. तुम्हीच खरं मानता, म्हणून ते खरं होऊन बसलंय.”

सावेरियोनं ते ताट स्वतःकडे ओढून दोन खडे वेचले. मग म्हणाला, “लग्नाची वाइन मी करतो.”

तिला तो विषय टाळतोय असं वाटलं. पण त्याच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. आपल्या हातची वाइन चांगली उतरली, इलारियोकडच्या बैठकीत माणसांनी ती प्यायली आणि सगळे धड घरी गेले, तर हात स्वच्छ. हात स्वच्छ तर जीभही स्वच्छ. मग आठ जूनला उभं राहायचं आणि बोलायचं. म्हाताऱ्यानं स्वतःची परीक्षा लावली होती आणि ती कोणाला सांगितली नव्हती.

फेब्रुवारीत तो इलारियोकडे गेला. इलारियो काही परका नव्हता. ग्राझिएल्लाच्या बाप्तिस्म्याला पोर हातावर घेतली ती त्यानंच, त्यामुळे दोघं एकमेकांचे कुम्पारे. रसाची बादली बुधल्यात रिकामी झाली, यीस्टची पुडी समोर आली आणि सावेरियोचा धीर सुटला.

“तू टाक ना, कुम्पारे. तुझा हात सवयीचा.”

इलारियोनं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. “कायदा आहे. ज्याची वाइन त्याचाच हात. तपासणीवाला आला आणि मला पुडी फोडताना बघितलं तर परवाना गेला माझा. टाक, टाक. घाबरतोस कशाला?”

हे म्हणताना त्याचा दुसरा हात खिशात होता, पण सावेरियो तेव्हा पुडीकडे बघत होता. त्यानं यीस्ट भुरभुरलं. चिठ्ठीवर स्वतःच्या हातानं नाव-तारीख लिहिली आणि बुधल्याच्या गळ्यात बांधली. तिसऱ्या दिवशी येऊन बघतो तर नळीतून बुडबुडे येत होते, बुळुक, बुळुक. आपण टाकलेलं जिवंत आहे हे बघून त्याला इतका आनंद झाला, की बसमधून घरी जाताना तो शीळ घालत होता.

दर शनिवारी बैठकीआधी तो मागच्या खोलीत जाऊन बुधल्यापाशी उभा राहायचा. वाइन निवळत होती. बाहेर मात्र लक्षणं बरी नव्हती. फेब्रुवारीच्या शेवटी कोझिमो न्हावी दुकानाच्या पायरीवरच बर्फावरून घसरला, मनगट मोडलं. पुढच्या आठवड्यात हीटर बंद पडला. मग इलारियोची पाठ धरली. ‘त्या दिवशी कोण आलं होतं?’ एवढंच कोणीतरी विचारायचं आणि बाकीचे मान हलवायचे. अहो, हॅमिल्टनमध्ये फेब्रुवारीत माणूस घसरणार नाही तर काय पोहणार आहे? पण हे सांगायचं कोणी? सावेरियोच्याही मनात पाल चुकचुकायची. रात्री अंथरुणावर पडून तो मोजायचा. कोझिमोला मी काही म्हटलं होतं का? हीटरकडे बघितलं होतं का? ‘नाही,’ असं स्वतःला बजावून तो कुशीवर वळायचा.

मार्चच्या अखेरच्या शनिवारी त्याच्या वाइनची पाळी आली. त्यानं दाढी केली, कोट घातला. ग्राझिएल्ला केसांची लग्नासाठीची बांधणी करून बघायला सकाळीच गेली होती, तिथून येऊन तिनं त्याला गाडीत घेतलं. केस तिनं आईसारखे मागे वळवून बांधले होते. सावेरियोनं एकदा बघितलं आणि खिडकीबाहेर पाहू लागला. तिनं त्याला मागच्या दाराशी सोडलं. “गाडी लावून पुढून येते. माझ्यासाठी घोटभर ठेवा,” असं म्हणाली.

तो आधी बुधल्यापाशी गेला. चिठ्ठी गळ्यात होती, अक्षर त्याचंच होतं. त्यानं काचेवर तळवा ठेवला. पुढच्या खोलीतून आवाज येत होते. बैठक सुरू झाली होती. आपण समोर असलो की माणसं खरं बोलत नाहीत हे त्याला माहीत होतं, म्हणून तो तिथेच थांबला.

“अहाहा! कोण रे हा पुण्यवान?” हा बास्तियानोचा आवाज, कारखान्यातला त्याचा जुना जोडीदार. “घशातून रेशमासारखी गेली. बेनेदीका.”

“माझ्या आजोबांची अशी असायची,” कोझिमो म्हणाला. “आण आणखी. डावा हात मोडलाय, उजवा नाही. बेनेदीका, बेनेदीका. आता सांग की कोणाची!”

त्यांनी प्यायली होती. त्यांना आवडली होती.

“सांगू?” इलारियो म्हणाला. “सावेरियोची.”

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. पाठोपाठ मोरीत थुंकल्याचा. किल्ल्या खुळखुळल्या.

“मेल्या, आधी सांगायचंस!” कोझिमो ओरडत होता. “एक मनगट गेलंच आहे, आता दुसरंही घालवतोस? बास्तियानो, मीठ दे, मीठ!”

“मी तर गिळली!” बास्तियानोचा आवाज बारीक झाला होता. “परवा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे रे!”

आणि मग इलारियोचं हसणं ऐकू आलं. पोट धरून, खोकला येईपर्यंत.

“प्या रे प्या, घाबरटांनो! सावेरियोच्या हाताचं त्यात काही नाही. त्याचा बुधला त्याच संध्याकाळी मी मोरीत रिकामा केला. नवा बुधला, नवा रस, यीस्ट माझ्या हातचं. फक्त त्याची चिठ्ठी काढून याच्या गळ्यात बांधली. मागे त्रेचाळीस घरांची वाइन आहे, मी कसा धोका पत्करू? तोही खूश, आपणही जिवंत.”

“आणि तुझा तो कायदा?” कोझिमोनं विचारलं.

“कायद्याला कुठे दृष्ट लागते!”

तिघंही हसले. पेले पुन्हा भरल्याचा आवाज आला. ज्याचा त्याचा जीव भांड्यात पडला होता.

सावेरियोचा तळवा अजून काचेवरच होता. त्यानं तो उचलला. सहा शनिवार तो दुसऱ्याच्याच बुधल्याला जोजवत होता. त्याला आधी लाज वाटली, भर रस्त्यात कोणी विजार उतरवावी तशी. लाजेच्या मागून राग आला. थुंकले त्याचाही नाही इतका राग त्याला हसण्याचा आला. ज्या माणसानं त्याची पोर हातावर घेऊन देवासमोर तिचा दुसरा बाप व्हायचं कबूल केलं, त्यानं त्याच्या हातचा रस मोरीत ओतला होता. बाकी कोणी केलं असतं तर तो टोपी घालून मागच्या दारानं घरी गेला असता. अकराव्या वर्षापासून तेच तर करत आला होता.

तो पुढच्या खोलीत आला.

हसणं मध्येच तुटलं. हात खिशात गेले. कोझिमोचा प्लास्टरमधला हात खिशात जाईना, तो नुसताच खिशाच्या तोंडाशी धडपडत राहिला.

“मलाही ओत, कुम्पारे,” सावेरियो म्हणाला.

इलारियोनं ओतली. सावेरियोनं उभ्यानंच घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. वाइन खरंच चांगली होती. त्यानं मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते दुकान डोळे भरून पाहिलं. फळ्यांवरच्या ओळीनं मांडलेल्या बाटल्या, पितळेचा चकचकीत नळ, काउंटरवरचा इलारियोच्या नातवंडांचा फोटो. प्रत्येक वस्तूवर तो सावकाश थांबत होता. इलारियोची नजर त्याच्या नजरेच्या मागे मागे धावत होती.

“सुंदर दुकान आहे तुझं, इलारियो,” सावेरियो म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. “एकतीस वर्षं येतोय, पण कधी बोललो नाही. किती सुंदर. आणि तूही. या वयात अशी लाललाल तब्येत कोणाची असते? नातवंडं तर फुलासारखी.”

सगळे शेपटीची वाट बघत होते. मागच्या खोलीतून बुडबुड्यांचा आवाज येत होता. बास्तियानोचे ओठ आपोआप हलले, बे... बे..., लहान मुलाला आठवण करून द्यावी तसे.

सावेरियोनं पेला टेबलावर उपडा ठेवला आणि टोपी घातली.

इलारियोच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना त्यानं पाहिला. त्याला ते गोड वाटलं. खोटं कशाला सांगा, वाइनपेक्षा गोड वाटलं. आणि पुढच्याच क्षणी त्या गोडीनं त्याच्या काळजात चर्र झालं. कारण खेचराला, गाडीला, व्हित्तोरियाला जे झालं ते त्यानं मुद्दाम केलेलं नव्हतं. हे मुद्दाम होतं.

तो वळला. समोरच्या दारात ग्राझिएल्ला उभी होती. घंटा केव्हा वाजली कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिनं किती ऐकलं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. ती दार धरून बाजूला झाली.

दोघं गाडीत बसली. तिनं किल्ली फिरवली तोच इलारियो अंगातल्या एप्रनवरच बाहेर धावत आला, बर्फाच्या चिखलात एक पाय घसरला, सावरला, आणि तो सावेरियोच्या काचेवर तळवे आपटू लागला.

“एक शब्द, सावेरियो! एक शब्द म्हण! मी चुकलो, गाढव आहे मी, माझ्या तोंडावर थुंक हवं तर! पण म्हण की! तुझ्या पोरीला मी या हातांवर घेतलंय!”

ग्राझिएल्लानं त्याची काच खाली केली. “म्हणून टाका, पपा.”

शब्द साधा होता. दिवसातून वीसदा लोक म्हणतात. पण सावेरियोला दिसलं की तो म्हटला तर आपल्या जिभेत खरंच विष आहे हे आपणच कबूल केलं. ज्याची जीभ साधी असते त्याच्या दाराशी कोणी असा रडत येत नाही. आणि नाही म्हटला, तर इलारियोच्या नातवंडांपैकी एखाद्याला उद्या नुसती सर्दी झाली तरी ती त्याच्या खात्यावर येणार, लोकांच्या आधी त्याच्या स्वतःच्या. दोन्हीकडून तो अडकला होता. परीक्षा त्यानंच लावली होती आणि पाच मिनिटांपूर्वी तीन साक्षीदारांसमोर स्वतःच स्वतःला नापास केलं होतं.

“चल,” तो म्हणाला.

ग्राझिएल्लानं थोडा वेळ वाट पाहिली, मग गाडी काढली. आरशात इलारियो दिसत होता. तो पार्किंगच्या पाटीच्या लोखंडी खांबाला दोन्ही हातांनी धरून उभा होता.

बार्टन स्ट्रीटच्या तिसऱ्या सिग्नलला गाडी थांबली.

“तुम्हाला बोलता येतं की,” ग्राझिएल्ला म्हणाली. ती समोर बघत होती. “किती छान बोललात. दुकान सुंदर, तब्येत लाललाल, नातवंडं फुलासारखी. मला वाटायचं तुम्हाला ते शब्दच येत नाहीत.”

सावेरियो बुटांकडे बघत राहिला.

“आठ जूनला माझ्याबद्दल काय बोलाल?”

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मागे वळवलेले केस, कानापाशी सुटलेली एक बट, रडू दाबल्यामुळे लाल झालेलं नाक. सकाळपासून तो शब्द त्याच्या ओठांवर बसला होता. शेपटीसकट तयार होता. पण आत्ताच त्याच तोंडातून तोच शब्द बाहेर पडला होता, आणि तो कशासाठी बाहेर काढला होता हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्यानं दात घट्ट आवळले. दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला.

“गाडी सांभाळून चालव,” सावेरियो म्हणाला.

ग्राझिएल्लानं गिअर टाकला.

“हं,” ती म्हणाली.